पंख्याने सांगितलेले

“हे यंत्र कुणाच्या घरचं आहे?” ऋत्विजने विचारले. मृणाल देवतळेने आपल्या वडिलांचे नाव घेतले नाही.

“चंद्रपूरचे एक निवृत्त गृहस्थ आहेत,” ती म्हणाली. “एकटेच राहतात.”

खोटे असे त्यात काही नव्हते. तरीही वाक्य संपताना तिचा आवाज किंचित खाली गेला. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण खोलीतल्या सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्यावरील दोन रेषांकडे लागले होते. निळी रेषा पुढच्या पंख्याची होती, तांबडी मागच्या पंख्याची. रोज दुपारी जेवणानंतर त्या दोन्ही रेषा एकाच तऱ्हेने वर-खाली होऊ लागत. एक लहानसा चढ, मग मागच्या पंख्याची उसळी, मग उतार, आणि पुन्हा तेच. तासभर तेच. ऋत्विज वयाने मृणालपेक्षा बराच लहान, पण विभागप्रमुख होता. तो खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला की विस्मरण आधीच ओळखणारी ही खूण विकता येईल.

पुण्यातली ही कंपनी ‘सोबती’ नावाचे यंत्र बनवत असे. पोळ्यांच्या डब्याएवढी ती पेटी एकट्या राहणाऱ्या वृद्धांशी बोले, औषधांची आठवण करी, पडल्या-झडल्याची खबर देई. घरातले संभाषण घराबाहेर नेण्यास कायद्याने बंदी आल्यापासून यंत्राचा सगळा विचार त्या पेटीतच होऊ लागला होता. विचार म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे उष्णता. म्हणून पेटीत दोन पंखे असत.

पंख्यांवर लक्ष ठेवणारी एक नखाएवढी चिप प्रत्येक पेटीत असते. तिला बोलणे कळत नाही, माणूस कळत नाही. विजेचा दाब किती, कुठला भाग किती तापला, पंखा मिनिटाला किती फेरे घेतो, एवढे ती मोजते आणि आपल्या ठरावीक कप्प्यांत आकडे भरून ठेवते. ते आकडे वाचणारा, आणि उलट दिशेने ‘पंखा आता इतक्या जोराने फिरव’ असा आकडा चिपच्या हाती देणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. शून्य लिहिले की पंखा थांबतो, दोनशे पंचावन्न लिहिले की पूर्ण वेगाने फिरतो. मृणालची सारी नोकरी या दोन आकड्यांच्या मध्ये गेली होती.

सोबतीचे पंखे सारखे चढत-उतरत आणि त्या घूं-घूं आवाजाने म्हातारी माणसे वैतागत. पेटी तापली की पंखा धावे, ती निवाली की थांबे, थांबला की ती पुन्हा तापे. यावर उपाय म्हणून मृणालने चिपमधले आकडे सेकंदाला अनेकदा वाचून येऊ घातलेल्या उष्णतेचा आधीच अंदाज बांधणारा ड्रायव्हर लिहिला. चाचणीसाठी खऱ्या घरातले आकडे हवे होते. तिने वडिलांची पेटी निवडली. घरचेच यंत्र, त्याला परवानगी कसली, असे तिला तेव्हा वाटले. खरे तर तिला काही वाटलेच नव्हते.

आकडे येऊ लागले आणि तिला एक गोष्ट दिसली जी आजवर कुणी पाहिली नव्हती. पेटी नुसती ऐकत असते तेव्हा जवळजवळ तापत नाही. ऐकलेले समजून घेताना तिचा पुढचा भाग तापतो. जुनी आठवण शोधताना मागचा. बोलणे कुलूपबंद होते, पण बोलण्याची लय पंख्यांच्या फेऱ्यांत उमटत होती, आणि पंख्यांचे फेरे यंत्राच्या प्रकृतीचा तपशील म्हणून रोज कंपनीकडे येत होते. पेटीतले तापमान आतल्या आत वापरले जाई. फेरे मात्र बाहेर येत, आणि त्यांना कुठलाही कायदा लागू नव्हता.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास तिने वाचला होता. तेच तेच प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी बोलताना यंत्र थोडे ऐकते, तीच आठवण शोधते, तेवढेच उत्तर देते, पुन्हा ऐकते. त्या अभ्यासातला अशा संभाषणाच्या लयीचा आलेख तिने वडिलांच्या दुपारच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्ही सख्ख्या भावंडांसारखे दिसत होते.

*

तिने वडिलांना विचारले का नाही, याला कारण होते, आणि ते घरात इतके जुने होते की कारण म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नसे.

पुंडलिकराव देवतळे लहानपणापासून अडखळत बोलत. औष्णिक वीजकेंद्राच्या नियंत्रणकक्षात त्यांची सारी नोकरी झाली. तिथे बोलण्यापेक्षा पाहण्याचे काम जास्त होते, आणि बोलण्याची वेळ आलीच तर शेजारच्या खुर्चीवरचे दिवाकर गेडाम ते पुरे होईपर्यंत स्वस्थ बसून राहत. घरात तसे नव्हते. लग्न होऊन आलेल्या मृणालच्या आईने नवऱ्याची वाक्ये पुरी करण्याचे काम लगेच हाती घेतले. दुकानदारापुढे, पाहुण्यांपुढे, मुलांच्या शिक्षकांपुढे ती त्यांचा पहिला शब्द उचलून उरलेले स्वतः सांगे. सगळे त्याला माया म्हणत, आणि ती मायाच होती. ती गेल्यावर ते काम आपोआप मृणालकडे आले.

‘बरं’ हा शब्द पुंडलिकरावांच्या जिभेवर कधी अडत नसे. त्यामुळे फोनवर ते बहुधा तोच वापरत.

एप्रिलमध्ये दिवाकरकाका गेले. मृणालने वडिलांना फोन करून दुखवट्याची दोन वाक्ये उच्चारली होती, त्यांनी ‘बरं’ म्हटले होते. आलेखातले ते चढ-उतार त्याच आठवड्यात सुरू झाले. धक्क्याने विस्मरण बळावते हेही तिने वाचले होते. तिने बंगळूरच्या भावाला, निशिकांतला, कळवले. दोघांनी मिळून ठरवले की नागपूरला डॉक्टरांना दाखवायचे, आणि डॉक्टरांनी या शंकेला दुजोरा दिला की बाबांना पुण्याला आणून चंद्रपूरचे घर भाड्याने द्यायचे. मग तिने वडिलांना फोन लावला.

“बाबा, मी येतेय. सहज, चार दिवस.”

“बरं. रविवारी म... म... मला—”

“रविवारच्या आधीच पोचलेली असेन मी. आणि रविवारी सकाळीच आपण नागपूरला जाऊन येऊ. नेहमीची तपासणी, बाकी काही नाही. डॉक्टरांची वेळ मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे.”

पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू येत राहिला. त्यात एक अक्षर पुन्हा पुन्हा धडका देत होते. मृणालच्या हातात दुसऱ्या मीटिंगची सूचना चमकत होती.

“काळजी करू नका, गाडी मीच चालवणार आहे,” ती म्हणाली.

“बरं,” पुंडलिकराव म्हणाले.

*

नागपूरच्या वाटेवर त्यांनी दोनदा वेळ विचारली. दवाखान्यात बसल्यावर आणखी एकदा. तीच गोष्ट पुन्हा विचारणे हे लक्षण मृणालने मनात टिपून ठेवले.

डॉक्टर साल्पेकरांना तिने आलेख आधीच पाठवला होता. त्यांनी पुंडलिकरावांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. महिना कोणता, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. पहिल्या प्रश्नाला पुंडलिकरावांचे ओठ जुळले आणि तिथेच राहिले. मृणालने महिना सांगितला. दुसऱ्यालाही तसेच झाले.

“तुम्ही जरा बाहेर बसता का?” डॉक्टर म्हणाले. स्वरात रोष नव्हता.

ती बाहेर बसली. तपासणीला ठरल्यापेक्षा फार वेळ लागला. मग डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावले आणि सांगितले की वडिलांची स्मृती त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. या परीक्षेत उत्तरांना वेळेची मर्यादा असते, ती त्यांनी काढून टाकली होती, एवढेच. ते एकटे राहू शकतात का, या प्रश्नावर डॉक्टरांनी, का राहू नयेत, असा उलट प्रश्न केला. नंतर त्यांनी आलेखाचा कागद समोर ओढला.

“हे कुठून मिळालं तुम्हाला?”

“त्यांच्या घरच्या यंत्रातून.”

“त्यांना ठाऊक आहे?”

मृणालने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. डॉक्टरांनी कागद घडी करून तिच्याकडे दिला.

परतताना तिने वडिलांना, सगळे छान आहे, असे सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत होते. आता त्यांनी वेळ विचारली नाही.

ऊन कलताना गाडी वसाहतीच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा कवडूजी नागोसे समोरून येत होते. वीजकेंद्रातलेच जुने सहकारी. त्यांनी हात करून गाडी थांबवली आणि खिडकीत वाकले.

“काहून जी, सभेले आले नाही तुम्ही? आम्ही लय वाट पाह्यली. दिवाकरच्या शोकसभेत पहिलं बोलणं तुमचंच ठेवलं होतं. दोन वेळा नाव पुकारलं माइकवरून. दिवाकरची बायको शकुंतलाबाई तर मागं वळूवळू दरवाज्याकडं पाहून राह्यली होती.” मग त्यांचे लक्ष मृणालकडे गेले आणि आवाज बदलला. “बाई आल्या वाटते. तब्बेत तर बरी हाय ना?”

पुंडलिकरावांनी मान हलवली. मृणालने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण तिच्याजवळ पुरे करायला वाक्यच नव्हते.

*

घरात आल्यावर पुंडलिकराव चप्पल काढून सरळ खुर्चीत बसले. खिडकीशेजारच्या फळीवर सोबतीची पेटी होती. त्यांना पाहताच तिने विचारले की आज सराव करायचा का. ते घाईने “नको” म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

‘सराव’ हा एक शब्द ऐकताच तो सगळा आलेख मृणालला एकदम वाचता आला. लहानसा चढ म्हणजे अडखळत म्हटलेले नाव. मागच्या पंख्याची उसळी म्हणजे त्यांनी आधी सांगून ठेवलेली चार वाक्ये पेटीने पुन्हा शोधून काढणे. उतार म्हणजे पेटीचे थोडक्यात सांगणे, की हरकत नाही, पुन्हा म्हणा. ज्या मित्राने जन्मभर त्यांचे बोलणे थांबून ऐकले त्याचे नाव त्यांना चारचौघांत एकदा धड उच्चारायचे होते, आणि त्यासाठी ते महिनाभर दुपारची झोप मोडून बसत होते. आणि ती पुण्यात थंड खोलीत बसून त्याला स्मृतिभ्रंश हे नाव देत होती.

सांगितले नसते तरी चालले असते. डॉक्टर सांगणार नव्हते, निशिकांत विसरून गेला असता. हा विचार तिच्या मनात आला आणि काही क्षण चांगला रेंगाळला. मग ती खुर्चीसमोरच्या पाटावर बसली आणि तिने सांगून टाकले. चिप, फेरे, आलेख, डॉक्टर, घर भाड्याने देण्याचा बेत. सांगताना आपण ड्रायव्हर म्हणजे काय हे गरजेपेक्षा जास्त खुलासेवार समजावतो आहोत आणि त्या खुलाशाच्या आड उभे राहतो आहोत, हे तिला कळत होते.

पुंडलिकराव तिच्याकडे पाहत नव्हते. न्हाणीघराचे दार उघडे होते हे उशिरा कळलेल्या माणसासारखे त्यांनी हात अंगाशी घेतले होते.

“तू ऐ... ऐकलंस?”

“नाही. शब्द ऐकू येत नाहीत. फक्त पंखा किती फिरतो ते दिसतं. त्यावरून मी...” ती थांबली.

“मी वे... वे...” ते अक्षर बराच वेळ दारावर आपटत राहिले. मृणालने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. “वेडा झालो, असं.”

“विसरायला लागलात, असं वाटलं.”

“वि... विचारायचं.”

“विचारलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाला असता, बाबा.”

हे तिला म्हणायचे नव्हते. पण ते खरे होते, आणि पुंडलिकरावांनी ते नाकारले नाही. भिंतीवरच्या फोटोतून मृणालची आई नेहमीच्या तत्परतेने दोघांकडे पाहत होती. मग ते बोलले.

“विचारून थ... थ... थांबायचं.”

ती रडली असती तर त्यांना तिची समजूत घालावी लागली असती. म्हणून ती रडली नाही.

नंतर त्यांनी पेटीकडे बोट दाखवून, हे बंद होईल का, असे विचारले. तिने खरे तेच सांगितले. आकडे पाठवणेच बंद केले तर कंपनी पेटी नादुरुस्त समजून बदलून टाकेल आणि नव्या पेटीत पुन्हा तेच सुरू होईल. दुसरा मार्ग आहे. पंख्याला उष्णतेच्या मागे धावूच द्यायचे नाही. चिपमध्ये कायमचा एकच आकडा लिहून ठेवायचा, पूर्ण वेगाचा. मग पेटी ऐकत असो, शोधत असो, नाहीतर गप्प असो, पंखा सारखाच फिरेल, आणि चिप जे सांगेल ते खरे असूनही त्यातून कुणाला काही कळणार नाही. मात्र आवाज सतत येईल, धूळ जास्त शिरेल, पंखे लवकर झिजतील. गेले वर्षभर ती ज्यासाठी झटली त्याच्या हे नेमके उलट होते.

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली, आणि थांबली.

“राहू दे आ... आवाज.”

तिने पेटीला लॅपटॉप जोडून तो आकडा लिहिला. पंखे चढत गेले आणि चढलेलेच राहिले.

अंधार पडण्याआधी तिने अंगणात जाऊन ऋत्विजला फोन केला. चंद्रपूरचे उदाहरण चुकीचे निघाले, त्या गृहस्थांना काही झालेले नाही, आणि कंपनीकडे जाणारे फेरे फक्त दिवसाच्या सरासरीने जावेत असा बदल मी ड्रायव्हरमध्ये सुचवणार आहे, असे तिने सांगितले. ऋत्विजने शांतपणे ऐकून घेतले. एखादे उदाहरण चुकणारच, उलट जास्त घरांतून आकडे घेतले तर चुका कमी होतील, हे त्याचे म्हणणे होते. मग त्याने विचारले की ते गृहस्थ चिडले आहेत का, तक्रार वगैरे करतील का.

“ते माझे वडील आहेत.”

“अरे,” ऋत्विज म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा भाव होता. “मग परवानगीचा प्रश्नच येत नाही.”

महिन्यापूर्वी हे वाक्य तिने स्वतःशी जवळजवळ याच शब्दांत म्हटले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते कसे लागते हे तिला आता समजले. येतो, हाच प्रश्न येतो, असे ती म्हणाली. ऋत्विजने, परत आलीस की बोलू, असे म्हणून फोन ठेवला. तिचा बदल स्वीकारला जाईल की नाही हे तिला ठाऊक नव्हते. न स्वीकारला गेला तर किती घरांतल्या दुपारी भिंतीवर उजेडात मांडल्या जातील, याचा हिशेब तिने केला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात उभे राहिले.

“श... शकुंतलावहिनींकडे,” ते म्हणाले. मृणालने किल्ली घेतली.

गेडामांचे घर वसाहतीच्या पलीकडच्या टोकाला होते. ओसरीवर कालच्या सभेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. पुंडलिकरावांनी दार उघडून एक पाय बाहेर ठेवला आणि मागे वळून तिला सांगितले, “तू इ... इथंच.”

ती बसून राहिली. शकुंतलाकाकूंनी दारातून त्यांना आत घेतले. थोड्या वेळाने त्या पुन्हा ओसरीवर आल्या आणि तिला, उन्हात का बसलीस, घरात ये, म्हणून हाक मारू लागल्या. मृणालने हात जोडून नको म्हटले. काकूंनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. काल रिकाम्या दाराकडे पाहिले होते तसे पाहिले असावे, असे तिला वाटले. त्या आत गेल्या.

ओसरीची खिडकी उघडी होती. आतला एक आवाज, तुटक, पुन्हा पुन्हा सुरू होणारा, गाडीपर्यंत पोचू लागला. शब्द कळण्याच्या आधीच मृणालने गाडीच्या चारही काचा वर केल्या. चंद्रपूरच्या मे महिन्यातले ऊन टपावर होते. गाडी सुरू करून आत गारवा करता आला असता, पण गाडीचा आवाज आत गेला असता. ती तशीच बसली. घाम मानेवरून पाठीत उतरत राहिला, स्टिअरिंगला हात लावणे अशक्य झाले. किती वेळ झाला हे तिने पाहिले नाही.

पुंडलिकराव आले ते सावकाश चालत. दार उघडताच आतली धग त्यांच्या तोंडावर आली. त्यांनी बंद काचांकडे पाहिले, तिच्या भिजलेल्या कपाळाकडे पाहिले, आणि शेजारी बसले. त्यांचे डोळे तांबडे होते. काचा खाली करून तिने गाडी सुरू केली.

“घ... घ...”

घरी, हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. हात गियरवर गेलाही होता. तिने तो तिथेच थांबवला.

“घ... घसा कोरडा पडला,” ते म्हणाले. “पाणी आहे का?”

तिने बाटली दिली. पाणी कोमट झाले होते, तरी ते पीत राहिले. बाटलीतली पातळी हळूहळू उतरत होती. इतकी तहान म्हणजे ते किती बोलले असतील, नाव न अडखळता आले असेल का, सगळी वाक्ये झाली असतील का, असा हिशेब तिचे मन आपोआप मांडू लागले. हे लक्षात येताच तिला भर उन्हात शरमेने गार पडल्यासारखे झाले. तिने बाटलीवरची नजर काढून समोरच्या रस्त्यावर ठेवली, आणि त्यांचे पिऊन होईपर्यंत ती तिथेच ठेवली.